इंगळे मॅडमच्या डोक्याचं माप

इंगळे मॅडम मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची बदली झाल्यापासून आमच्या शाळेतल्या कित्येकांना त्या एकदम आवडायला लागल्या आहेत. परवा स्टाफरूममध्ये त्यांचा विषय निघाला, तर जी शेवटी शेवटी त्यांच्याशी एक शब्दही बोलत नव्हती ती माणसं "बाई मनानं मोठ्या होत्या" म्हणू लागली. मनानं मोठ्या वगैरे त्या नव्हत्या. त्या भांडकुदळ होत्या, फटकळ होत्या, आणि समोरच्याचं चुकलेलं दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. मला विचारा.

त्या लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या. बुलढाण्याला आमच्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला आल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, सुती साडी आणि पायात बूट. साडीवर बूट घालणाऱ्या बाई आमच्या शाळेनं तोवर पाहिल्या नव्हत्या. वर्गात त्या शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. वर्गाचं दार ओलांडलं की वऱ्हाडी सुरू, आणि आमच्याकडच्या बाया बोलतात तसं "मी येतो, मी जातो." पण खरी गोष्ट अशी, की भांडायचं असलं म्हणजे वर्गातही त्यांची भाषा बदलायची. मुलींना हे बरोबर कळलं होतं. "मॅडम शुद्ध बोलून राह्यल्या तवर भेव नाही," असं त्या एकमेकींना सांगत.

स्वतःचा चहा त्या थर्मासमधून आणत आणि कोणालाही विचारत नसत. कोणी आभार मानले तर "बरं" म्हणत. पहिल्याच संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं, तर त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "काऊन?" हळदीकुंकवाला का बोलावतात? याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

त्या सायकलनं यायच्या. आमच्याकडे मास्तर लोक कारनं येतात, बाया स्कूटीवर. सायकल म्हणजे शाळेतल्या पोरी आणि दूधवाले. लोकांनी विचारलंच, "मॅडम, पगार पुरत नाही का?" त्या म्हणाल्या, "पगार माह्या, गुडघे माह्ये. तुमाले कोनतं दुखते?"

मग एक दिवस शाळा सुटल्यावर त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुमची स्कूटी काढा. हेल्मेट घ्याचं हाय." विनंतीचा सूर त्यांना येतच नसे.

दुकान माझ्या दिरांच्या मित्राचं होतं, म्हणून मी तिथं नेलं. ही माझी चूक झाली. त्यानं आधी मोटारसायकलचं हेल्मेट पुढं ठेवलं. मॅडमनी ते हातात तोलून परत ठेवलं. "हे इंजिनवाल्याचं. मी पायानं चालवतो. चढावर याच्यात माह्यं डोकं शिजून जाईन." मग त्यानं लहान पोरांची, कार्टूनची चित्रं असलेली काढली. त्यांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. शेवटी वरच्या फळीवरून धुळीनं माखलेलं एक राखाडी हेल्मेट खाली आलं, मोठ्या माणसाचं, सायकलचं.

मॅडमनी पर्समधून शिंप्याची टेप काढली. भुवईच्या जरा वरून, कानांच्या वरून फिरवून त्यांनी स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं, मग हेल्मेट उलटं करून आत अंगठा दाबला.

"हा तं उशीचा स्पंज हाय. याच्यामागं टणक थर पाह्यजे. पडलं की तो दबला पाह्यजे, तडकला पाह्यजे. तो तडकला म्हणजे डोकं नाही तडकत."

"मॅडम, कंपनीचा माल हाय," दुकानदार म्हणाला.

त्यांनी ते डोक्यावर घातलं, पट्टा लावलाच नाही, खाली वाकल्या आणि अंगात आल्यासारखी जोरजोरानं मान हलवली. भर दुकानात. हेल्मेट घरंगळून काउंटरवर पडलं.

"पट्टा तं लावा, मॅडम."

"पट्टा सगळ्यात शेवटी. आधी ते बिनपट्ट्याचं बसलं पाह्यजे. जे हलते ते वाचवत नाही."

"आजवर कोनी एवढं पाहून नाही घेतलं."

"मंग आजवर इकलं कायले?"

पुढं जे झालं ते मी सांगत नाही. दिरांचा तो मित्र नंतर कितीतरी दिवस रस्त्यात मला पाहून तोंड फिरवायचा.

मॅडमनी मग हेल्मेटं पार्सलनं मागवली. पहिलं कपाळावर टोचलं, परत. दुसऱ्याला वारं जायला भोकं कमी, परत. आमच्या उन्हात बंद डोकं म्हणजे भट्टी. पार्सल आणणारा माणूस शाळेच्या फाटकापाशी आला की त्याचा चेहरा पडलेला असायचा. तिसरं राहिलं. ते पिवळंजर्द होतं. काळं का नाही घेतलं, मी विचारलं. "पावसाळ्यात आपल्या रोडवर धुकं असते. काळं डोकं ट्रकवाल्याले दिसन काय?" मागं अंबाडा अडायचा आणि हेल्मेट पुढं, डोळ्यांवर यायचं, तर लग्नापासूनचा अंबाडा त्यांनी सोडला आणि खाली मानेवर वेणी घालायला लागल्या. पट्ट्याचे दोन्ही बंद कानाच्या खाली जुळलेले, हनुवटीखाली बोट जाईल एवढीच जागा. रोज. आरशासमोर टिकली न लावणारी ही बाई हेल्मेट मात्र आरशात पाहून घालायची.

त्यांच्या घरी कोणीतरी डोक्याला मार लागून गेलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. कोणी भाऊ म्हणे, कोणी मुलगा. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कोनी मेल्याशिवाय अक्कल येऊच नये काय?"

गावानं त्यांना सोडलं नाही. पानटपरीवरची पोरं ओरडायची, "मॅडम, मॅच कुठं हाय?" मॅडम ब्रेक लावायच्या, सायकल स्टँडवर लावायच्या, टपरीपर्यंत चालत जायच्या आणि शुद्ध मराठीत विचारायच्या, "नाव काय तुझं? दहावीला विज्ञान कोणी शिकवलं?" दुसऱ्यांदा त्या टपरीवरून कोणी ओरडत नसे. पण गावात टपऱ्या पुष्कळ.

स्टाफरूममध्ये पाठक सर होते. आमचे पर्यवेक्षक. गोरे, गोड बोलणारे, आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी उठबस असलेले. मॅडमचं हेल्मेट टेबलावर असायचं ते त्यांना खुपायचं.

"इंगळे मॅडम, ही टोपी जरा खाली ठेवत चला. टेबलावर बरी दिसत नाही."

"टोपी दुसऱ्याले घालतात, सर. हे हेल्मेट हाय, सोताले घालतात."

सगळे हसले. सर हसले नाहीत. मॅडम तासाला गेल्या असं समजून ते माझ्याकडं वळून म्हणाले, "या लोकांना प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करायचं असतं." मॅडम दारातच होत्या, खडूचा डबा घ्यायला परत आलेल्या. "कोन लोकं, सर? भौतिकशास्त्राचे?" एवढंच बोलल्या. स्टाफरूममध्ये कोणी वर पाहिलं नाही. तिथून पुढं त्या दोघांत उघड वैर होतं.

आमच्या पुष्कळ मुली सायकलनं येतात. देऊळघाटहून येणाऱ्यांना तर ट्रकच्या रस्त्यानं यावं लागतं. पालकसभेत मॅडम उभ्या राहिल्या आणि मुलींना हेल्मेट घ्या म्हणाल्या. सांगायची पद्धत असते, ती त्यांच्याकडे नव्हती. एक बाई म्हणाल्या, "आमची पोरगी शाळेत शिकाले येते, लढाईले नाही." मॅडम म्हणाल्या, "मोबाईलच्या काचेले तुमी कव्हर घातलं, पोरीच्या डोक्याले काऊन नाही?" त्या बाईंच्या हातात खरंच कव्हर घातलेला मोबाईल होता. सभा तिथंच बिनसली. लोक तक्रार घेऊन पाठक सरांकडं गेले.

पाठक सर हुशार. त्यांनी तक्रारीतून कार्यक्रम काढला. अध्यक्षांच्या वाढदिवसाला शाळेतल्या सगळ्या सायकलवाल्या मुलींना हेल्मेट वाटायचं ठरलं. खोकी आली. प्रत्येक हेल्मेटवर समोर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. माल कोणाच्या तरी भाच्याकडून आला होता, त्यात मी पडत नाही. मॅडमनी एक खोकं उघडून पाहिलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. बाहेर आम्हाला ऐकू येत होतं.

"सगळे एकाच मापाचे हायेत. आत नुसता स्पंज हाय. हे वाटू नका."

"मॅडम, तुमचीच कल्पना. आता तुम्हीच नाट लावता?"

"यानं पोरींले वाटन का डोक्यावर काहीतरी हाय. त्याच्यापेक्षा उघडं बरं, सांभाळून तं चालवतीन."

"कार्यक्रम ठरला आहे," सर म्हणाले.

कार्यक्रमाला मांडव, हार, सनई लावलेला स्पीकर. भाषणं झाल्यावर पाठक सरांनी माइकवरून मॅडमना दोन शब्द बोलायला बोलावलं. मला वाटतं, चारचौघांत त्या गप्प बसतील आणि संमती दिल्यासारखं होईल, असा त्यांचा हिशेब असावा. मॅडम स्टेजवर गेल्या. त्या शुद्ध बोलल्या नाहीत.

"पोरीहो, पाहा," म्हणून त्यांनी खोक्यातलं एक हेल्मेट डोक्यावर घातलं. ते नाकापर्यंत आलं. मान हलवली, तर हेल्मेट फिरून अध्यक्षांचा फोटो त्यांच्या कानावर गेला. पोरी हसायला लागल्या. मॅडमनी ते काढलं, स्टेजच्या फळ्यांवर ठेवलं आणि बुटाचा पाय त्यावर देऊन उभ्या राहिल्या. वाळलेल्या तुराट्या मोडाव्यात तसा आवाज झाला, माइकमधून सगळ्या मांडवात गेला.

"बाईच्या वजनानं फुटलं. ट्रकखाली काय होईन?"

खाली उतरून त्या आपल्या जागी बसल्या. हेल्मेटाचे दोन तुकडे स्टेजवर पडले होते आणि वरच्या तुकड्यावर अध्यक्ष हात जोडून होते.

हेल्मेट कसं होतं याबद्दल त्यानंतर कोणीही एक शब्द बोललं नाही. सगळं गाव एकच बोलत होतं, साहेबांच्या फोटोवर पाय दिला. नोटीस त्याचीच आली. मॅडमनी उत्तर दिलं की फोटो पायाखाली येईल अशा जागी कोणी चिकटवला हे आधी विचारावं. मुलींना हेल्मेटं वाटली गेलीच.

मग त्यांच्या सायकलची हवा रोज सुटू लागली. त्यांनी पिशवीत पंप आणायला सुरुवात केली आणि फाटकापाशी, सगळ्यांसमोर, पदर खोचून हवा भरू लागल्या. एका संध्याकाळी पाहिलं तर हेल्मेटचा पट्टा ब्लेडनं कापलेला. कोणी कापला ते कळलं नाही. चौकशी करणारे पाठक सरच होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम सायकल हातात धरून चालत आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नवा पट्टा येईपर्यंत त्या घर ते शाळा सायकल ढकलत येत आणि ढकलत जात. गावाला आता फुकटची करमणूक. टपऱ्यांवरून लोक विचारत, "मॅडम, सायकल आजारी हाय काय?" मी म्हटलं, अहो, दोन-चार दिवस बिनहेल्मेटच्या चालवा, नाहीतर सायकल तरी घरी ठेवा. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "सायकल घरी ठेवली तं त्याईले वाटन, बाई भ्याली." घाम पुसत, दात आवळून, त्या चौकातून सायकल ढकलत जात. त्यांच्याकडं बघून दया वगैरे येत नसे. भीती वाटत असे.

देऊळघाटच्या रस्त्यावर आमची नववीतली पूनम पडली ती पावसाळ्यात. एका मोटारसायकलचा धक्का लागला. वाटलेलं हेल्मेट तिच्या डोक्यावर होतं, पट्टाही लावलेला होता. पडताना ते मागं सरकलं आणि पोरगी कपाळाच्या बाजूनं डांबरावर आपटली.

मॅडम म्हणाल्या, "स्कूटी काढा." दवाखान्यात पूनमच्या डोक्याला पट्टी होती, डोळे मिटलेले. तिची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मॅडमना पाहून ती उठली नाही.

"मॅडम, तुमीच म्हनलं होतं ना, हेल्मेट घाला म्हनून. घातलं होतं तिनं."

मी वाट पाहत होते. स्टेजवर फोडून दाखवलं होतं, नोटीस घेतली होती, सगळं सांगायचा हक्क त्यांना होता, आणि हक्क सोडणारी ही बाई नव्हती.

"हाव," मॅडम म्हणाल्या. "मी म्हनलं होतं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुमची काय चूक त्यात? तुम्ही तर नको म्हणत होत्या." त्या माझ्यावर उसळल्या. "चूक नाही म्हनून तुमाले बरं वाटते. मले नाही वाटत." आणि मला तिथंच सोडून पायी निघून गेल्या.

पूनम वाचली. एका कानानं तिला आता कमी ऐकू येतं. पाठक सरांनी शाळेत सांगितलं, मुलीनं पट्टा नीट लावला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम प्रार्थनेच्या आधी फाटकात उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्यांनी सायकलवरून उतरवलं, डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि भिंतीपाशी टाकलं. ढीग वाढत गेला. सर धावत आले, "ही संस्थेची मालमत्ता आहे."

"मंग संस्थेच्या डोक्यावर घाला."

ढीग तिथंच पडून राहिला. शिपायानं विचारलं, कुठं ठेवू, तर कोणीच सांगेना. पावसानं फोटो सुटून नालीत वाहून गेले. पाठक सर पुढच्या वर्षी मुख्याध्यापक झाले, आणि शाळेत हेल्मेट हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. मॅडमची बदली तर त्याच दिवाळीआधी घाटाखाली, संस्थेच्या वडनेर भोलजीच्या शाखेत झाली. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात पूनमची आई शाळेत आली. पूनमला हाताला धरून ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि खाली पाहत म्हणाली, "मॅडम, बराबर कोनतं घ्यावं ते सांगा. घेतो आम्ही." मॅडमनी पर्समधून टेप काढली. पूनमच्या कपाळावरची खूण अजून ताजी होती. त्यांनी टेप त्या खुणेला लागू न देता, जरा वरून, हळू फिरवली, आणि तोंड मात्र चालूच. "हलू नको वं. मान सरळ ठेव. केस कायले इतके वर बांधले? वेणी खाली घाल. आन् सांगून ठेवतो, एकदा जोरात आपटलं का ते फेकून द्याचं, वरून साबूत दिसलं तरी. आन् माप हे घे, दुकानवाल्याच्या गोष्टीत येऊ नको, तो काईबी सांगते." पूनमची आई रडत होती. मॅडमनी तिला रडू नका म्हटलं नाही. माप सांगितलं आणि तासाला निघून गेल्या.

निरोपसमारंभ झाला नाही. कोणी पुढाकार घेतला नाही, आणि घेतला असता तर त्यांनी "काऊन?" विचारलं असतं. ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी त्यांनी आपला थर्मास उचलला, माझ्या टेबलापुढून निघून गेल्या, आणि माझ्याकडं पाहिलंही नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मलकापूरहून नांदुऱ्याला बहिणीकडं निघाले होते. एसटी वडनेरला थांबली. दिवस मावळतीला लागलेला, हायवेवरून ट्रक एकामागून एक धडधडत जात होते. पलीकडं कडुनिंबाखाली मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. एकट्याच पेरू खात होत्या, मीठ लावून, अगदी मन लावून.

मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. "इंगळे मॅडम," म्हणून हाकही मारली. त्यांनी मला ओळखलं, ते दिसलं. उरलेला पेरू कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, दोन्हीकडं पाहून रस्ता ओलांडला आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. घरचं, शाळेचं, तब्येतीचं.

"हात आत घ्या," त्या म्हणाल्या. "ट्रक घासून जातात अथी."

एवढं सांगून त्या वळल्या आणि रस्ता ओलांडून पुन्हा झाडाखाली गेल्या. मी हात आत घेतला. बस सुटेपर्यंत त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.